सर, हा तर नळ आहे!

मराठवाड्यात मूर्ती बघायला येणारा माणूस काय बघायचं ते ठरवूनच आलेला असतो. देगलूर तालुक्यातल्या होट्टलला त्याला सुरसुंदरी हव्या असतात. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातल्या महाकाय क्षेत्रपालाच्या तुकड्यांशेजारी उभं राहून फोटो हवा असतो. तेरला गेला तर तिथल्या लामतुरे संग्रहालयातल्या हस्तिदंती बाईपुढे तो थांबतो, कारण तशीच एक हस्तिदंती बाई 1938 साली पार इटलीतल्या पॉम्पेईत सापडली, हे त्यानं कुठेतरी वाचलेलं असतं. नांदेड-लातूरकडचे वीरगळसुद्धा आता लोक बघू लागलेत. घोडा, तलवार, अप्सरा, वर शिवलिंग. चित्रकथेसारखे मजल्यामजल्यानं वाचत जाता येतात.

आमच्या संग्रहालयाच्या मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली एक दगड उभा आहे. त्याच्यापुढे मात्र कुणी थांबत नाही. संग्रहालयाचं नाव सांगत नाही. पुढे जे येणार आहे त्यात कागदपत्रांची थोडी अब्रू जाते. दगड काळा, कमरेइतका उंच. त्यावर एक खांब. खांबातून बाहेर आलेला, कोपरात काटकोनात वळून वर गेलेला एक हात. पंजा उघडा. मनगटावर काही आडव्या रेषा. वर एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला चंद्रकोर. संपलं. चेहरा नाही, नाव नाही, अक्षर नाही.

आमच्याकडे वस्तूंची फेरनोंदणी चालू होती तेव्हाची गोष्ट. जुनी नोंदवही म्हणजे जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची, आणि तिच्यात रकाने: अनुक्रमांक, वस्तूचे नाव, माप, प्राप्तिस्थान, कशी मिळाली, शेरा. या दगडापुढे नाव होतं ‘स्त्रीहस्त, पाषाण’. प्राप्तिस्थानात ‘जिल्ह्यातून’. जिल्ह्यातून म्हणजे कुठून? नांदेड जिल्हा माहूरच्या डोंगरापासून देगलूरच्या सीमेपर्यंत पसरलाय. शेऱ्याच्या रकान्यात मात्र लिहिणाऱ्यानं पेन्सिलीनं एक चित्र काढलं होतं. त्या काळी प्रत्येक दगडाचा फोटो काढणं परवडत नसे, म्हणून अशी बोटभर रेखाटनं काढायची पद्धत होती. दोन उभ्या रेषा, एक वळण, वर पाच छोट्या रेघा, बाजूला एक टिंब आणि एक कोर. ज्यानं काढलं त्याचा हात चांगला होता. दगडावर जे आहे तेवढंच काढलं, स्वतःचं काही घातलं नाही.

ते पान मोठं करून आम्ही शाळेच्या मुलांसाठीच्या कार्यक्रमात भिंतीवर लावलं. ‘हे काय असेल?’ असा खेळ. पहिल्याच रांगेतला एक मुलगा उठला आणि ठामपणे म्हणाला, ‘सर, हा तर नळ आहे!’ सगळा वर्ग हसला. मग दुसऱ्याला त्यात नांगर दिसला, तिसऱ्याला ट्रॅफिक पोलीस. एका मुलीनं विचारलं, ‘नळ आहे तर पाणी वर कसं जाईल?’ मुलांचं सोडा. आमच्याकडे आलेल्या एका चित्रकला शिक्षकांनी त्याच कागदापुढे उभं राहून आधुनिक चित्रकलेतल्या मितरेषेवर चांगलं अर्धा तास भाषण दिलं. रिकामी जागा, ताण, ऊर्ध्वगामी गती. भाषण सुंदर होतं. फक्त त्यात हा हात कुणाचा, हा प्रश्न आला नाही.

आता ज्यांना माहीत आहे ते केव्हाचे चुळबुळत असतील. हा सतीचा हात. सतीशिळा. वीरगळ लढाईत पडलेल्या पुरुषाचा, सतीशिळा त्याच्यामागे चितेवर गेलेल्या बाईची. महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात अशा शिळांवरची खूण बहुतेक ठिकाणी सारखीच: खांबातून आलेला उजवा हात, कोपरात वळलेला, मनगटभर बांगड्या, वर चंद्र-सूर्य. कुठे खाली नवराबायको शिवलिंगाची पूजा करताना दिसतात, कुठे अंगठा आणि बोटांच्या बेचक्यात लिंबू असतं, कुठे एकाच खांबातून दोन हात निघतात आणि ते दोन बायकांचे मानले जातात. निलंगा, उदगीर, देगलूर हा पट्टा तर कल्याणीच्या चालुक्यांच्या अंगणातला. तिथले जुने शिलालेख कन्नडमध्ये सापडतात, आणि दगड घडवणाऱ्या हातांना आजची राज्यांची सीमा ठाऊक नव्हती.

पुस्तकात एवढं मिळतं. सेट्टर आणि सोन्थायमर यांनी 1982 साली स्मृतिशिळांवर संपादित केलेला इंग्रजी ग्रंथ आमच्या टेबलावर कायम उघडा असायचा. पण मनगटावरच्या त्या रेषा खरोखर वाचून दाखवल्या त्या निलंग्याकडच्या एका म्हातारबाईंनी. त्यांच्या गावात मारुतीच्या पारामागं अशीच एक शिळा आहे, तिचं मोजमाप घ्यायला आम्ही गेलो होतो. माझा सहकारी वहीत ‘अलंकृत मनगट’ असं लिहीत होता. मावशी लुगड्याचा पदर सावरत जवळ आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, ‘अलंकृत काय लिहायलास लेकरा? चुडा हाय तो. भरल्याला. फुटल्याला नाय.’

मग त्यांनीच सांगितलं. नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडायचे. ही बाई ती वेळ यायच्या आधीच गेली, म्हणून चुडा शाबूत. दगडावर कोरायचं होतं ते एवढंच. नाक-डोळे कुणाला हवे होते? मी विचारलं, मग हात वर का? त्या क्षणभर थांबल्या आणि स्वतःचा हात तसाच कोपरात वळवून धरला. ‘मागायचं आसलं तर हात असा असतो,’ म्हणून तळवा आभाळाकडं केला. ‘आन् ही बग. ही मागंना. ही द्यायली.’ तळवा आमच्याकडे. आशीर्वादाचा हात.

आमच्या कार्यालयात यावर बराच वाद झाला. एकाचं म्हणणं, हा अर्थ मागाहून चिकटलेला. गावानं शिळेची देवी केली की हात आपोआप आशीर्वादाचा होतो. त्यात तथ्य आहे. सतीशिळेला गावोगाव नवी नावं मिळालीत. कुठे ती सतीआई, कुठे नुसतीच आई, आणि लेकराला ताप आला की तिला हळद-कुंकू. पण तळवा समोर आणि बोटं सरळ हे घडवणाऱ्यानंच केलंय, गावानं नाही. माझं मत मावशींच्या बाजूला झुकतं. फक्त एक गोष्ट मला तेव्हाही खटकली, आजही खटकते. वीरगळावर गड्याला घोडा आहे, मिशा आहेत, लढाईचा मजला आहे, स्वर्गाचा मजला आहे, त्याच्यासाठी माळा घेऊन अप्सरा उतरल्यात. बाईला नुसता एक हात. कला समीक्षक याला रेषांची काटकसर म्हणतील. मला ती माणसाची काटकसर वाटते. तिनं हात स्वतः वर केला की कुणी धरून केला, हे सांगायला त्या दगडावर जागाच ठेवलेली नाही.

किस्से सांगायचे म्हटलं तर शेंदराचे सांगावे लागतात. गावातल्या शिळेवर पिढ्यान्‌पिढ्या तेल आणि शेंदूर चढलेला असतो, त्यावर अलीकडे ऑइल पेंट. त्याखाली काय आहे ते बघायचं, तर खरवडता येत नाही. खरवडणं चूकही आणि गावाचा रोष वेगळाच. मग उपाय दोन. एक म्हणजे शाईचा ठसा: ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशनं ठोकून खाचांत घालायचा, वाळत आला की कापडी गोळ्यानं शाई. शेंदराच्या पुटावर तो नीट बसत नाही. दुसरा उपाय तिरक्या उजेडाचा. रात्रीच्या अंधारात दगडाच्या अगदी कडेला टॉर्च आडवा धरला की दिवसा न दिसणारी रेघसुद्धा सावली टाकते. दुपारी सपाट वाटणाऱ्या मनगटावर रात्री एकेक बांगडी मोजता येते.

या कामाला चांदणं नडतं. म्हणून एका गावी आम्ही अमावास्या निवडली. आमच्या हिशेबानं ती सोयीची रात्र. गावाच्या हिशेबानं अमावास्येच्या रात्री चार अनोळखी माणसं, हातात टॉर्च, सोबत पिशवीत ब्रश आणि टेप, जुन्या दगडाभोवती उकिडवी बसलेली. मराठवाड्यात याचा अर्थ एकच होतो: गुप्तधन. अशा शिळांखाली हंडा असतो या समजापायी किती वीरगळ मुळापासून उपटले गेलेत, याला गणती नाही. थोड्याच वेळात काठ्या घेऊन पंधरा-वीस जण आले. ‘काय काढायलाव इतं?’ आमच्यातला एक जण घाईत म्हणाला, ‘रेघा काढायलोत.’ हे उत्तर कुणालाच पटण्यासारखं नव्हतं. पोलीस पाटलांना बोलावणं गेलं. ते आले, आमच्या कार्यालयाचं पत्र वाचलं, टॉर्च स्वतःच्या हातात घेतला, आम्ही धरला होता तसाच आडवा धरला आणि गप्पच झाले. मग मागं वळून म्हणाले, ‘आरं, बांगड्या दिसायल्यात रे.’ पुढचा तासभर अख्खं गाव रांगेनं टॉर्च मारून बघत होतं. आमचं मोजमाप राहून गेलं. चहा मात्र दोनदा आला.

त्या रात्री आणखी एक गोष्ट हाती लागली, आणि तिनं पुढचं सगळं काम बदललं. शिळेच्या शेजारी, हातभर अंतरावर, अर्धा मातीत गेलेला वीरगळ होता. उंची जवळपास तीच, दगड तोच, वरचे चंद्र-सूर्यही त्याच हातानं कोरलेले वाटावेत असे. जोडी होती ती. त्यानं कशासाठी लढाई केली हे त्याच्या दगडावर होतं, खालच्या चौकटीत गाई होत्या. म्हणजे गोधन वाचवताना पडलेला गडी. बाईच्या दगडावर यातलं काहीच कोरायची गरज नव्हती, कारण ते शेजारी लिहिलेलंच होतं. एकटा ठेवलेला सतीचा हात मुका वाटतो तो यामुळे. तो कधी एकट्यानं वाचायचा नव्हताच.

आणि संग्रहालयं काय करतात? वीरगळ देखणा, म्हणून तो आत दालनात, दिव्याखाली. हात मागच्या शेडमध्ये. नोंदवहीत दोघांचे क्रमांक दोन टोकांना. प्राप्तिस्थान ‘जिल्ह्यातून’ असलं की कायमची ताटातूट झाली. या धंद्यातला माझा सगळ्यात मोठा राग त्या एका रकान्यावर आहे. वस्तूचं नाव चुकलं तर उद्या कुणी अभ्यासक दुरुस्त करेल, काळ शंभर वर्षं इकडेतिकडे झाला तरी चालेल. दगड कुठल्या वेशीवर, कुठल्या आडापाशी, कशाच्या शेजारी उभा होता हे एकदा हरवलं की त्यावरच्या चार रेघांपुढे पंडित आणि तो नळवाला मुलगा एकाच बाकावर बसतात.

चार रेघांत अर्थ भरायची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. सातवाहनांची नाणी बघा. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली एक साठा निघाला, तेरा हजारांवर चांदीची नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला शिक्का पुन्हा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावर काय उमटवलं? आपला चेहरा नाही. तीन कमानींचा डोंगर आणि चार टोकांना चार गोळे असलेली फुली. बाजारात नाणं हातात घेणाऱ्या प्रत्येकाला राज्य बदलल्याचं कळलं. आम्हाला मात्र अजून वाद घालावा लागतो: त्या कमानींना जुने अभ्यासक चैत्य म्हणत, मग डोंगर म्हणू लागले, फुलीला तर उज्जैनच्या नाण्यांवर ती असते म्हणून ‘उज्जैन चिन्ह’ असं नाव देऊन मोकळे झाले, म्हणजे अर्थ बाजूला ठेवून पत्ता लिहून टाकला. निदान पत्ता तरी लिहिला.

चंद्र-सूर्याचंही तसंच. नवशिक्याला वाटतं चंद्र-सूर्य दिसले की सतीशिळा. वीरगळावर ते असतात, दानाच्या शिलालेखावर असतात, दान मोडणाऱ्याला शिवी देणाऱ्या गधेगाळावरही असतात. आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर हे टिको, एवढंच ते सांगतात. काय टिको, ते खालचा दगड सांगतो.

गावं हलली तेव्हा या दगडांचं काय झालं, हा लातूरकरांना विचारायचा प्रश्न. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, हजारो माणसं गेली, आणि पुढच्या वर्षांत लातूर-उस्मानाबादची पन्नासावर गावं जुनी जागा सोडून नव्या वसाहतीत गेली. मारुती नेला, ग्रामदैवत नेलं. वेशीवरच्या बिननावाच्या शिळा कोण नेणार? त्या घडीला कुणाला सुचणंही शक्य नव्हतं. नंतर आम्ही एका जुन्या गावठाणात गेलो तर बाभळीत दोन शिळा उभ्या होत्या, भोवती गाव नाही. नव्या गावातल्या तरुणांना त्या ठाऊक नव्हत्या. एका आजोबांनी मात्र आमच्या वहीत बोटानं नकाशा काढून दिला: इथं वेस, इथं चावडी, इथं बाजार, इथं ह्या. त्यांना शिळांचा अर्थ सांगता आला नाही. त्यांनी दिला तो त्याहून मोलाचा ऐवज होता. धरणांखाली गेलेल्या गावांतून असे आजोबा आम्हाला फारसे भेटले नाहीत.

पाटी लिहायची वेळ आली तेव्हा खरं महाभारत झालं. दगडाखाली चार ओळींची पाटी. त्यात किती बसवणार? पहिल्या मसुद्यात ‘पतीबरोबर सहगमन करणाऱ्या वीरपत्नीचे स्मारक’ असं होतं. आमच्यातल्या एका बाई तडकल्या. ‘सहगमन’ म्हणजे जणू दोघं यात्रेला निघालेत. शिवाय राजस्थानातल्या देवराला गावच्या सतीच्या घटनेनंतर सती प्रतिबंधाचा 1987 चा केंद्रीय कायदा आला, त्यात सतीचं उदात्तीकरण हाही गुन्हा आहे. सरकारी पाटीवर असले शब्द कसे चालतील? दुसरा मसुदा उलट्या टोकाला गेला: ‘अमानुष प्रथेचा पुरावा’. यावर आमच्या पहारेकरी मामांनी, ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, बिनतोड हरकत घेतली. ‘साहेब, तितं बाया कुंकू लावायला येतेत. त्यांनी वाचलं तर काय वाटंल?’

बाया येतात, हे आम्हाला कागदोपत्री माहीत नव्हतं. मामांना माहीत होतं. नवरात्रात आणि संक्रांतीला शेजारच्या वस्तीतल्या पाच-सात जणी मागच्या फाटकानं येतात, हळद-कुंकू वाहतात, कधी दोन काचेच्या बांगड्या ठेवतात. नियम म्हणतो वस्तूला हात लावायचा नाही. मामांनी परस्पर तोड काढली होती: शिळेपुढे एक स्टीलचं ताट ठेवायचं, जे वाहायचं ते ताटात, दगडाला काही नाही. संध्याकाळी ताट घासून जागेवर. इतकी वर्षं दगडावर कुंकवाचा डाग नाही, तो कुठल्या संवर्धन योजनेमुळे नव्हे, या ताटामुळे.

शेवटी पाटी ठरली ती साधी. हात कुणाचा, बांगड्या का, चंद्र-सूर्य कशासाठी, आणि ही प्रथा कायद्यानं बंद आहे. विशेषण एकही नाही. सगळ्यात वर, नावाच्याही आधी, प्राप्तिस्थान. ते जुना पत्रव्यवहार उपसून आम्ही शोधलं होतं: ग्रामपंचायतीचं एक पिवळं पत्र, ‘रस्तारुंदीत अडथळा होणारा देवाचा दगड उचलून न्यावा’. त्यावर गावाचं नाव होतं. मुखेडकडचं.

पाटी लागून फार दिवस झाले नसतील. एक शेतकरी पेन्शनीच्या कामाला नांदेडला आले होते, वेळ होता म्हणून आत आले. गावाचं नाव बघून थांबले. मग थेट कार्यालयात. ‘तुमच्या पाटीत चूक हाय. ही रस्त्यावर नव्हती. रस्ता तिच्यावर आला. ती आमच्या आडापाशी होती, आन् तिचा मालक अजून तितंच हाय.’ मालक म्हणजे? ‘घोड्यावाला. आमी त्याच्यावर धुणं धुतो.’

आम्ही दुसऱ्याच आठवड्यात गेलो. आडाच्या कडेला आडवा टाकलेला वीरगळ, साबणानं गुळगुळीत झालेला, कडेला घोड्याचे पुढचे पाय आणि चंद्रकोर शाबूत. उंची जुळली. दगड जुळला. आमच्या साहेबांनी तिथल्या तिथे विनंती केली: हा आम्हाला द्या, दोघांना शेजारी उभं करतो, तुमच्या गावाचं नाव लावतो. शेतकऱ्यांनी बायकोकडं बघितलं. काकूंनी हातातलं धुणं दगडावर आपटलं आणि म्हणाल्या, ‘घोडा इतला हाय. तुमीच आमचा हात आणून द्या की.’

प्रस्ताव वर पाठवला आहे. वरून विचारणा आली की संग्रहालयातून वस्तू गावाला परत देण्याचा नमुना अर्ज कुठला.